सातव्या ट्रॅकवरची शांतता

१

गाणे जागेवर होते. फक्त त्यातला माणूस नाहीसा झाला होता.

ड्रमवर ब्रशची सळसळ सुरू झाली. तिच्यामागून बासची जाड, संथ रेघ आली आणि गिटारच्या तारा ओल्या वाळूवरच्या पावलांसारख्या एकेक उमटू लागल्या. मग जिथे रोनाल्ड तुस्कानोचा आवाज उठायचा, तिथे काहीच उठले नाही. मयुरेश गुप्ते टेपच्या यंत्रासमोर उभा राहून वाट पाहत राहिला. पहिले कडवे गेले, ध्रुपद गेले. न आलेल्या पाहुण्याचे ताट मांडून बसावे तशी वाद्ये वाजत राहिली, आणि गाणे संपले.

खोली भट्टीसारखी तापली होती. हिद्दच्या वर्कशॉपांमागे, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत असलेली ही गोदामाची खोली गेली दोन वर्षे 'ओहोटी' या चौघांच्या बँडचा स्टुडिओ होती. तिथला एसी कधीच बंद नसे. ऑगस्टमधल्या बहारीनमध्ये एसी बंद ठेवला, तर माणसांच्या आधी गिटारींची लाकडे वाकतात. आज मात्र तो बंद होता.

त्याच सकाळी सलमानियाच्या इस्पितळात रोनाल्डच्या घशावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याच्या स्वरतंतूवर गाठ होती. आवाज परत येईल असे डॉक्टर म्हणाले होते. कोणता येईल याचा शब्द कुणी दिला नव्हता. म्हणून गुरुवारी, दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, त्याने अल्बममधले शेवटचे गाणे 'तळाशी' गायले होते. एकदाच. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. जुना रोनाल्ड, म्हणजे ज्या आवाजासाठी मुंबईच्या एका कंपनीने हा अल्बम काढायचे कबूल केले होते तो रोनाल्ड, या जगात आता फक्त त्या फितीवर होता.

मयुरेशने आपल्या मावसबहिणीला फोन लावला.

"लीनाताई, आमच्याकडे चोरी झालीय."

"काय गेलं?"

"आवाज," तो म्हणाला.

२

लीना राजाध्यक्ष सीफ भागातल्या एका विमा कंपनीत सर्व्हेअर होती. जळालेली गोदामे, भिजलेले कंटेनर, फुटलेल्या काचा पाहायच्या आणि जे घडले असे सांगितले जाते त्यातले खरोखर काय घडले ते ठरवायचे, हे तिचे काम. ती मोडक्या वस्तूंशी आदराने वागे आणि धडधाकट माणसांवर संशय घेई.

'ओहोटी'वर मात्र तिचे निखळ प्रेम होते. हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा राहणारा रोनाल्ड, त्याची परिचारिका बहीण हॅझेल, पुलांची गणिते करणारा मयुरेश आणि दापोलीच्या मुकादमांचा बहारीनमध्येच वाढलेला नावेद या चौघांनी दोन वर्षांतल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्ट्यांतून 'समुद्राखालचं गोडं पाणी' नावाचा अल्बम घडवला होता. कधीकाळी इथले पाणबुडे कातडी पिशव्या घेऊन खाऱ्या समुद्राच्या तळाशी जात आणि तिथल्या झऱ्यांचे गोडे पाणी भरून आणत. त्या झऱ्यांवरून नाव घेतलेल्या या अल्बममध्ये परदेशात राहणाऱ्यांचे नेहमीचे उसासे नव्हते. त्यात लिफ्टमध्ये अडकलेली दुपार होती, रेसिडेन्सी कार्डावरचा न ओळखू येणारा चेहरा होता, समुद्रावरच्या कॉजवेवर थांबलेल्या गाड्यांच्या काचांतून एकमेकांना न पाहणारी माणसे होती. सगळे मराठीत, सगळे रॉकच्या दणक्यात, आणि तरीही आत कुठेतरी अत्यंत निःशब्द. पहिली दोन गाणी बाहेर आली, तेव्हा अनोळखी शहरांतली माणसे ती एकमेकांना पाठवत राहिली होती.

लीना पोचली तेव्हा नावेदही आला होता. रेकॉर्डिंगचे सगळे तोच पाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुणी काही हलवलंय?"

"मी फक्त टेप वाजवली आणि एसी लावला," मयुरेश म्हणाला. "जीव जात होता, ताई."

"एसी बंद कोण करतं?"

"कुणी नाही. म्हणजे... रेकॉर्ड करतानाच फक्त. त्याची घरघर माइकमध्ये येते. बंद करायचा, गाणं घ्यायचं, गाणं संपलं की आधी एसी लावायचा. मग घाम पुसायचा."

लीनाने मान हलवली आणि खोलीभर फिरली. गायकाचा माइक रोनाल्डच्या नेहमीच्या जागी नव्हता. तो खोलीच्या मधोमध, कुणाच्याच तोंडासमोर नाही असा उभा होता. गाताना रोनाल्ड कानांवर लावी तो हेडफोन भिंतीच्या खिळ्यावर होता, वायर नीट गुंडाळलेली. यंत्रावर आठ लहान दिव्यांची रांग होती. त्यांतला सातवा लाल पेटलेला.

"हा का लागलाय?"

"टेपच्या रुंदीवर आठ वेगवेगळे ट्रॅक असतात," नावेद खालच्या आवाजात म्हणाला. "प्रत्येकावर एक आवाज. सातवा रोनाल्डचा. लाल म्हणजे, रेकॉर्डचं बटण दाबलं तर जे काही ऐकू येईल ते या ट्रॅकवर चढेल. आधीचं पुसून."

"गुरुवारपासून तसाच?"

"नेहमी मी लगेच बंद करतो. त्या दिवशी..." त्याने वाक्य सोडून दिले.

मयुरेशने ते उचलले. "त्या दिवशी टेप थांबवली, एसी लावला, आणि पुढे कुणी कशालाच हात लावला नाही, ताई. तो गायला आणि आम्ही नुसते उभे राहिलो. मग ठरवलं, रोनाल्ड बरा होऊन येईल तेव्हा चौघांनी मिळून ऐकायचं. तोवर सगळं जसंच्या तसं. टेपची चक्रीसुद्धा मागे गुंडाळायची नाही."

"म्हणजे तुम्ही देव्हारा केलात या यंत्राचा," लीना म्हणाली. "बरं. मला फक्त सातवा ट्रॅक ऐकव. बाकीचं सगळं बंद."

नावेदने बटणे सरकवली. काहीच ऐकू आले नाही.

"अजून मोठं कर."

आवाजाचा काटा चढत गेला. आधी वाळू सरकल्यासारखी खसखस. मग तिच्याआड खूप दूरवरून जहाजाचा भोंगा. खुर्चीची एक कुरकुर. आणि अगदी जवळ, कुणीतरी नाकाने सावकाश श्वास घेत होते.

मयुरेश यंत्रापासून एक पाऊल मागे सरकला.

"हे पुसलेलं नाही," लीना म्हणाली. "हे रेकॉर्ड केलेलं आहे. इथे कुणीतरी बसून होतं, आणि त्याने एसी बंद केला होता, कारण त्याला माइक चालू ठेवायचा होता."

३

तिने दोघांशी वेगवेगळे बोलायचे ठरवले. नावेदला खोलीत ठेवून ती मयुरेशला आपल्या गाडीत घेऊन बसली. इंजिन चालू होते. बाहेर उन्हाने कंटेनरांचे रंग पिवळट पडले होते.

"किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"चौघांकडे. ताई, मला एक सांगायचंय, पण वाईट वाटतंय." मयुरेश काचेबाहेर पाहत होता. "मागच्या महिन्यात रोनाल्ड म्हणाला होता, हे गाणं एकदाच गावं आणि हरवून जावं. चांगल्या गोष्टीची प्रत काढू नये म्हणे. तो असलं बोलतो. पण शुक्रवारी दुपारपर्यंत तो घरीच होता. किल्ली खिशात होती."

"तुला वाटतं त्याने स्वतःच?"

"मला काहीच वाटत नाही. मला ते गाणं परत हवंय." त्याचा स्वर एकदम पोरका झाला. "तू ऐकलं असतंस ना! शेवटच्या ओळीला तो इतका खाली उतरतो, की वाटतं आता दम संपला. आणि ओळ संपल्यावर ओठांतल्या ओठांत म्हणतो, 'खलास.' गाण्यातला शब्द नाही तो. स्वतःशीच. आत काही उरलं नाही असं सांगितल्यासारखं."

लीनाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा समोर. "तू कुठे उभा होतास तेव्हा?"

"मी? नेहमीचा. पलीकडच्या भिंतीशी."

"गुरुवारनंतर इथे आलास?"

"आज. आजच."

नावेद बाहेर आला तेव्हा गाडीत बसायला तयार नव्हता. भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात उभा राहून तो बोलला.

"शुक्रवारी कुठे होतास?"

"घरी. मग जुम्म्याच्या नमाजाला. मग इस्पितळात, रोनाल्डला भेटायला. हिद्दला मी आलोच नाही."

"हे कुणी केलं असेल?"

"बाहेरचं कुणी. कुलूप साधंच आहे."

"बाहेरचा माणूस आला, एसी बंद केला, माइक मधोमध नेला, रेकॉर्ड लावलं, शांत बसून श्वास घेतला आणि चाळीस हजार रुपयांच्या गिटारी सोडून निघून गेला. मोठा विरक्त चोर म्हणायचा."

नावेद हसला नाही. "हॅझेलला विचारा, ताई," तो अखेर म्हणाला. "मला तिचं नाव घ्यायचं नव्हतं. पण गुरुवारी गाणं झाल्यावर ती बाहेर जाऊन इथेच, या भिंतीशी रडत होती. म्हणाली, या गाण्याने माझ्या भावाचा गळा घेतला. मला ते परत कधीही ऐकायचं नाही."

४

हॅझेल तुस्कानो इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये चहा समोर ठेवून बसली होती. ड्युटी नव्हती, तरी पायांत ड्युटीचेच बूट होते.

"या, विम्याच्या मॅडम. मयुरेशचा मेसेज आला. आमचा आवाज किती टक्के जळालाय, ते लिहून घ्यायला आलात?"

"कसा आहे रोनाल्ड?"

"जागा आहे. बोलायला बंदी. कुजबुजायला बंदी, खोकायला बंदी. मघाशी डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, तर सिस्टर म्हणाली, हुंदका नको, प्लीज." तिने चहा ढवळला. चहात साखर नव्हती. "त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही."

"तुला ते गाणं नको होतं."

"नव्हतंच! महिन्यापूर्वी ऑपरेशन व्हायला हवं होतं. हा माणूस म्हणतो, थांब, एक गाणं राहिलंय. मी नर्स आहे, मॅडम. दुसऱ्यांच्या भावांना मी दम देते. माझा भाऊ रोज थोडंथोडं रक्त गिळून गात होता आणि मी मागे बसून ताल देत होते." तिने चमचा टेबलावर टाकला. "पण पुसायचं? ते? माझ्या मम्मीचा फोटो फाडेन मी त्याआधी."

लीनाचा तिच्यावर विश्वास बसला. पण विश्वास बसणे हा तिच्या धंद्यात पुरावा नसे.

"एक सांग. शेवटची ओळ संपल्यावर रोनाल्ड काय म्हणाला?"

"काय म्हणणार? काही नाही."

"तू किती लांब होतीस?"

"त्याच्या पाठीला माझा ड्रम लागतो, इतकी. ओळ संपली, त्याने मान खाली घातली, बस. ओठ हलले असतील तर मला दिसले नाहीत. ऐकू तर काहीच आलं नाही."

"आणि शुक्रवारी? इथे आणल्यावर?"

"घाबरला होता. फॉर्मवर सही केली आणि पांढराच पडला. म्हणाला, कुणाला तरी बोलव. मी मयुरेशला फोन केला, त्याने उचलला नाही. मग नावेदला केला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा इतका हळू बोलला, की मी म्हटलं, मशिदीत आहेस का? तर म्हणे, नाही, निघालोच. आणि आला, ताई." 'मॅडम' कधी गळून पडले ते तिला कळले नाही. "शर्ट असा पिळून काढावा इतका भिजलेला. मी म्हटलं, पोहत आलास का? त्याच्या गाडीचा एसी तर बर्फासारखा असतो."

लीना उठून उभी राहिली.

"काय झालं?" हॅझेलने विचारले.

"ज्याने हे केलं त्याला तुझ्या भावाचा आवाज तुझ्याइतकाच प्रिय होता. आणि तो एकटा नव्हता. दोघं होते, एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता."

५

रविवारी कामावरून सुटल्यावर तिघेही हिद्दच्या खोलीत जमले. एसी घरघरत होता. लीना ड्रमच्या स्टुलावर बसली, कारण दुसरी जागाच नव्हती.

"मी आधी चोर शोधत होते," ती म्हणाली. "पण खोली काही वेगळंच सांगत होती. एसी बंद, म्हणजे माइक चालू करायचा होता. मग मी म्हटलं, कुणीतरी गायला आलं असेल. पण गायचं तर मागची वाद्यं कानांत ऐकू यायला हवीत, आणि हेडफोन खिळ्यावर गुंडाळलेला होता. बरं, गाणारा माणूस माइक तोंडाजवळ ओढतो. इथे तो तोंडापासून लांब, खोलीच्या मध्यावर नेलेला. म्हणजे त्या माणसाला कुणाचाच आवाज नको होता. त्याला खोली हवी होती. नुसती खोली."

ती नावेदकडे वळली.

"दोन गाण्यांच्या मध्ये अल्बममध्ये काय असतं, नावेद?"

नावेद जमिनीकडे पाहत होता. "शांतता," तो म्हणाला.

"कोरी टेप का नाही चालत?"

"कोरी टेप मेलेली वाटते, ताई. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी दार आपटून निघून गेलं. ज्या खोलीत गाणं झालं त्याच खोलीची शांतता मध्ये ठेवावी लागते. मग माणूस आतच राहतो."

"आणि हिद्दमध्ये ती मिळते कधी?"

"शुक्रवारी. वर्कशॉप बंद असतात."

त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि मग थांबला नाही. "मी आलो होतो. जुम्म्यानंतर. टेपला हात लावायचा नव्हता, पण मला वाटलं, गुरुवारी गाणं संपलं तिथेच ती थांबलेली आहे. पुढे सगळी कोरी. गाण्याच्या लगेच पुढची शांतता त्याच फितीवर घ्यावी, जोडही लागणार नाही. स्पीकर बंद केले, माइक उघडा असताना ते चालू ठेवता येत नाहीत, म्हणून टेपवरचं काही ऐकू येत नव्हतं. एसी बंद केला. रेकॉर्ड दाबलं आणि बसलो. दोन मिनिटं पुरली असती. पण मी बसूनच राहिलो. तो उद्या काय होऊन येईल, याचाच विचार करत होतो. मग हॅझेलचा फोन थरथरला. मी टेप थांबवली आणि पळालो. एसीसुद्धा राहिला. काल मयुरेशने टेप वाजवली तेव्हा कळलं, मी कशावर बसलो होतो ते."

"आणि तू माझं नाव पुढे केलंस?" हॅझेलचा आवाज थंड होता.

"केलं."

"का?"

"घाबरलो. दुसरं कारण नाही. त्याला रडायचीसुद्धा परवानगी नाही, हॅझेल. मी हे त्याला कधी सांगणार होतो?"

हॅझेलचा हात नकळत पलीकडच्या झांजेवर जाऊन टेकला, जणू तिला गप्प बसवायचे होते.

"पण चक्री तर शेवटाला होती," नावेद पुटपुटला. "आकडा दाखवणारं मीटर कधीच मेलंय, तरी मी शपथेवर सांगतो. गुरुवारी मीच थांबवली होती."

"खरं आहे," लीना म्हणाली. "तू थांबवलीस तिथेच ती राहिली असती, तर तुझी शांतता कोऱ्या फितीवर गेली असती. ती मधल्या वेळात कुणीतरी गाण्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवली होती." ती वळली. "मयुरेश, रोनाल्ड शेवटी 'खलास' म्हणाला, हे तुला कसं कळलं?"

मयुरेशच्या तोंडाचे पाणी पळाले.

"हॅझेल त्याच्या पाठीशी होती, तिला ऐकू आलं नाही. तू पलीकडच्या भिंतीशी होतास. ओठांतला शब्द फक्त माइकला ऐकू गेला असणार. म्हणजे तो टेपवर होता. आणि तू टेप ऐकली होतीस."

"शुक्रवारी सकाळी," मयुरेश कसाबसा म्हणाला. "मला राहवलं नाही, ताई. मी चक्री मागे नेली आणि ऐकलं. एकट्याने. मग पुन्हा ऐकायला परत मागे नेली, आणि दुसऱ्यांदा धीरच झाला नाही. तसाच पळालो. वाटलं, ठरवलेलं मोडल्याचं कुणाला कळायला नको."

खोलीतला एसी एकदा खोकला आणि पुन्हा चालू झाला. एकाने गाण्यावरच्या प्रेमाने चक्री मागे नेली होती, दुसऱ्याने त्याच प्रेमाने तिच्यावर शांतता चढवली होती, आणि तिघांनीही भक्तिभावाने तो लाल दिवा पेटता ठेवला होता. निष्काळजी माणसांच्या हातात ते गाणे सुखरूप राहिले असते.

"म्हणजे गेलं," हॅझेल म्हणाली. "गुन्हेगार कुणी नाही आणि तरी गेलं."

लीना ड्रमच्या वर टांगलेल्या दोन माइकांकडे पाहत होती.

"हे काय ऐकतात?" तिने विचारले.

६

"ड्रम," नावेद म्हणाला. "पहिला आणि दुसरा ट्रॅक."

"फक्त ड्रम? गुरुवारी तुम्ही सगळे याच खोलीत एकदम वाजवत होतात ना?"

"हो, पण बास आणि गिटार वायरने थेट यंत्रात जातात. माइक फक्त ड्रमला आणि रोनाल्डला."

"गोदामाला आग लागली की मी जळालेला माल शेवटी बघते," लीना म्हणाली. "आधी शेजारचा बघते. बंद खोक्यांतसुद्धा धूर गेलेला असतो. रोनाल्ड हॅझेलच्या पुढ्यात उभा राहून गात होता. त्याचा आवाज काय या माइकांना टाळून गेला?"

"ती गळती, ताई. ती सगळीकडे असते. ती दाबून टाकणं हेच तर आमचं..." नावेद बोलता बोलता थांबला. कालपासून त्या टेपला हात लावायची त्याला हिंमत झाली नव्हती, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचे कान ज्याला कचरा म्हणत आले होते त्याच्याकडे ते गेलेच नव्हते.

त्याने बास बंद केला, गिटार बंद केली. पहिला आणि दुसरा ट्रॅक वर, आणखी वर नेले. हॅझेलचे ब्रश मोठ्या पानांच्या झाडीसारखे सळसळू लागले. आणि त्या झाडीपलीकडून, एखाद्या शेजारच्या घरातून यावा तसा, पाण्याखालून यावा तसा, रोनाल्डचा आवाज आला.

तो स्पष्ट नव्हता. काही शब्दांच्या कडा झिजल्या होत्या, आणि शेवटचा, ओठांतला तो एक शब्द तर कायमचा गेला होता. तो आता केवळ मयुरेशच्या आठवणीत राहणार होता. पण बाकी सगळे होते. तो उतार होता, जिथे दम संपतो आहे असे वाटते आणि संपत नाही.

हॅझेल भिंतीला टेकून खाली बसली.

'समुद्राखालचं गोडं पाणी' हिवाळ्यात बाहेर आला, आणि 'ओहोटी'ची ओळख याच शेवटच्या गाण्याने जगभर पोचली. तो आवाज इतका लांबचा आणि तरीही इतका आपला कसा केला, असे अनेकांनी विचारले. हे कुठले तंत्र, असे जाणकारांनी लिहिले. अल्बममधली सगळी गाणी जे काही सांगू पाहत होती ते या एका गाण्याच्या अंतरात होते: आपलेच काहीतरी दूरवर वाजते आहे आणि आपण इथे उभे आहोत. हे अंतर कुणी योजले नव्हते. पण ते ठेवायचे की नाही हे मात्र एका माणसाने ठरवले होते, इस्पितळातून घरी आल्यावर, हिद्दमधल्या आपल्या फ्लॅटच्या सोफ्यावर.

त्या दुपारी हॅझेल आणि लीनासमोर नावेदने सगळे सांगितले. मयुरेशने आपला भाग सांगितला. रोनाल्ड, उंच, वाळलेला, गळ्याभोवती मफलर, ऐकत राहिला. त्याला ओरडता येत नव्हते आणि रडता येत नव्हते. त्याचा चेहरा एका जागी थांबून राहिला. मग त्याने हाताने खूण केली: लाव.

नावेदने स्पीकरवर गाणे लावले. ते संपल्यावर रोनाल्ड फोनवर बराच वेळ काही लिहीत आणि खोडत राहिला. शेवटी त्याने फोन नावेदच्या हातात दिला. नावेदला वाचवेना, म्हणून मयुरेशने मोठ्याने वाचले.

"'इतक्या लांबून मी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. जवळून मी नेहमी जरा खोटा वाटतो. असाच ठेव. आवाज पुढे ओढू नकोस.'"

"असाच ठेव म्हणजे?" हॅझेल उसळली. "अरे, दुसऱ्या कडव्यात माझा ब्रश सुटलाय. ड्रम पुन्हा वाजवायचे होते मला. आता आवाज ठेवायचा तर ती चूकही जन्मभर ऐकायची?"

रोनाल्डने फोन परत मागितला. या वेळी पटकन लिहून बहिणीच्या नाकासमोर धरला. तिने वाचले आणि ओठ दाबून धरले.

"काय म्हणतोय?" लीनाने विचारले.

"म्हणतोय, 'मी आता तुझ्या ड्रममध्ये भाडेकरू आहे. घरमालकिणीने दुरुस्ती काढू नये.'"

मयुरेशला हसू फुटलेच. रोनाल्डचे खांदे गदगदू लागले, तशी हॅझेल घाबरून त्याच्या अंगावर धावली. "हसू नकोस! यल्ला, बस, हसू नकोस म्हणते ना! नावेद, काहीतरी कर, याला गप्प कर!"

"गप्पच आहे तो," नावेद म्हणाला, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रक्त परतले.

हॅझेलने भावाच्या गळ्याशी मफलर नीट केला. मग, हे गाणे पुन्हा कधी ऐकायचे नाही असे म्हणणारी ती, त्याच्या शेजारी सोफ्यावर पाय घेऊन बसली.

"लाव परत," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

गाणे सुरू झाले. रोनाल्डचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द, बिनआवाज. आणि आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाहून येत राहिला.